रुमाल टाकून धरलेली रॅम

तुमच्या लॅपटॉपवर '८ जीबी रॅम' असं स्टिकर आहे. सेमिस्टर सुरू होतं आणि सर सांगतात, व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात उबंटू टाका, पुढच्या प्रॅक्टिकलपासून सगळं त्यातच. तुम्ही यूट्यूबवर व्हिडिओ लावता, त्यातला दादा म्हणेल तिथे नेक्स्ट-नेक्स्ट करत जाता आणि एका खिडकीशी येऊन अडता. तिथे एक सरकती पट्टी असते. डावीकडे हिरवी, उजवीकडे लाल. या मशीनला रॅम किती द्यायची?

आपला साधा हिशेब असतो, जास्त दिली की जास्त पळेल. पट्टी जाते ६ जीबीवर. मशीन सुरू होतं आणि पाच-दहा मिनिटांत माउसचा बाण अडखळायला लागतो, पंखा मिक्सरसारखा घरघरतो, क्रोमची टॅब पांढरी पडते. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आत टाइप केलेलं प्रॅक्टिकल गेलंच. नशीब फारच वाईट असेल तर त्या मशीनची डिस्क फाइलही बिघडते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री पहिल्यापासून इन्स्टॉलेशन. बीसीए, बीएस्सी आयटी, इंजिनीअरिंग, कुठल्याही ग्रुपवर विचारा, असा एक तरी जण सापडेलच.

ती पट्टी नेमकं काय मागते, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. मी मास कॉमची, कोडिंगशी माझा संबंध बेताचाच. पण या विषयात शिरल्यावर लक्षात आलं की हे सगळं जागेचं राजकारण आहे. आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणाऱ्या, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसाला जागेचं राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही.

वाडा एक, भाडेकरू अनेक

एका खऱ्या यंत्रावर अनेक खोटी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. खरं यंत्र म्हणजे होस्ट, आतलं खोटं यंत्र म्हणजे गेस्ट. वाड्याचा मालक आणि भाडेकरू असं समजा. गंमत इतकीच, की इथे प्रत्येक भाडेकरूला वाटत असतं की अख्खा वाडा आपलाच आहे. आतल्या उबंटूला विचारा, ते छातीठोकपणे सांगेल की या कम्प्युटरमध्ये २ जीबी रॅम आहे, बस्स. बाहेर विंडोज आहे, त्यावर क्रोमच्या चाळीस टॅब उघड्या आहेत, याची त्याला गंधवार्ताही नसते.

ही कल्पना क्लाउडच्या जमान्यातली वाटते ना? ती आपल्या आई-बाबांच्या वयाची आहे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सीपी-४० आणि मग सीपी-६७ नावाच्या प्रणाली तयार झाल्या. कम्प्युटर तेव्हा इतका महाग होता की प्रत्येकाला वेगळा देणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रत्येकाला वेगळा असल्याचा भास दिला. १९७२मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं आणि तो भास रीतसर बाजारात आला. आपल्या घरातल्या पीसीच्या चिपवर हे जमवायला १९९९ उजाडलं. व्हीएमवेअरने ते करून दाखवलं. मग २००३मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आलं, २००५पासून इंटेलने आणि २००६पासून एएमडीने चिपमध्येच त्यासाठी खास सोय दिली, २००७मध्ये केव्हीएम थेट लिनक्समध्ये शिरलं. दोन वेगवेगळी केंब्रिज आहेत, व्हायव्हाला गोंधळ घालू नका.

आज तुम्ही क्लाउडवर 'सर्व्हर' भाड्याने घेता तेव्हा बहुतेक वेळा अशी एक खोली मिळते, पूर्ण वाडा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत आपली क्लाउडची केंद्रं सुरू केली, म्हणजे हे वाडे आपल्या गावातच उभे आहेत. त्यामुळे पुढचं सगळं लॅबपुरतं नाही. शेजारच्या खोलीत कोण राहतो आणि भिंत किती जाड आहे, हा प्रश्न तुमच्या डेटाचाही आहे.

प्रत्येक चाळीत खोली नंबर १ असतेच

रॅम एकसंध पट्टा नसतो. तिचे छोटे-छोटे तुकडे असतात, एकेक साधारण ४ केबीचा. त्यांना पेज म्हणतात. तुम्ही गेस्टला २ जीबी दिलीत म्हणजे असे ५,२४,२८८ तुकडे दिलेत. आता प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची एक समजूत असते की आपली रॅम शून्य नंबरपासून सुरू होते. होस्टचीही तीच, तिन्ही गेस्टचीही तीच. प्रत्येक चाळीत खोली नंबर १ असते, तसं. पोस्टमनला नुसता 'खोली नंबर १' एवढाच पत्ता देऊन चालत नाही, चाळ कुठली तेही लागतं.

ही वही हायपरवायझर ठेवतो. गेस्टमधला एखादा प्रोग्रॅम पत्ता विचारतो, गेस्टची ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या वहीतून त्याचं भाषांतर करते, आणि तो जो पत्ता निघतो तोही खोटाच असतो. मग हायपरवायझरच्या वहीतून दुसरं भाषांतर होतं, तेव्हा कुठे खऱ्या चिपवरची जागा सापडते. आधी हे काम सॉफ्टवेअर करायचं आणि त्यात दमछाक व्हायची. २००७मध्ये एएमडीने आणि २००८मध्ये इंटेलने दुसरी वही वाचायचं काम प्रोसेसरकडे सोपवलं, तेव्हा वेग आला. तरीसुद्धा पत्ता आधीपासून पाठ नसेल, तर साध्या यंत्रात ४ वेळा वही उघडावी लागते तिथे गेस्टमध्ये ती जास्तीत जास्त २४ वेळा उघडावी लागू शकते. चार पायऱ्यांची एक वही, आणि तिची प्रत्येक पायरी शोधायला पुन्हा चार पायऱ्यांची दुसरी. प्रोसेसर नेहमीचे पत्ते पाठ करून ठेवतो म्हणून हे आपल्याला रोज जाणवत नाही. 'व्हीएम थोडं स्लो असतं' असं सगळे म्हणतात, त्यातलं 'थोडं' इथूनही येतं.

पण तुमच्या ६ जीबीच्या प्रकरणात दोष या वह्यांचा नाही. तिथे हिशेब अगदी वाण्याच्या दुकानातला आहे. आठातून ग्राफिक्ससाठी थोडी रॅम आधीच बाजूला निघते. विंडोज ११ आणि एक ब्राउझर मिळून साधारण ३ ते ४ जीबी खातात. उरलेल्यातून तुम्ही ६ मागितलीत. गेस्टला दिलेली रॅम विंडोजच्या हिशेबातून वजा होते, राहिलेल्या जागेत विंडोजचं सामान मावत नाही, आणि मग ते एकेक तुकडा उचलून डिस्कवर नेऊन ठेवायला लागतं. हवा असला की परत आणायचा, दुसरा न्यायचा. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या हार्ड डिस्कवरून ५-१० मिलिसेकंद. म्हणजे जवळपास लाखपट. एसएसडी असेल तर फरक बराच कमी, पण तरी शेकडो पटींचा. पंखा घरघरतो आणि काम काहीच होत नाही, त्याचं कारण हे. लॅपटॉप बिचारा फक्त सामान हलवतोय.

५०० पत्रिका, ३०० पानं

लग्नाच्या पत्रिका ५०० वाटतात आणि पानं ३०० मांडतात. सगळे एकाच पंगतीला येत नाहीत, हे घरातल्या मोठ्यांना अनुभवाने माहीत असतं. डेटा सेंटरमध्ये हेच चालतं. ६४ जीबीच्या यंत्रावर १६ जीबीचे सहा भाडेकरू बसवायचे, कारण दिलेली सगळी रॅम प्रत्येक जण सतत वापरत नाही. याला ओव्हरकमिट म्हणतात. प्रश्न येतो तो सगळे पाहुणे एकदम आले की. तेव्हा मालकाने जागा परत कुणाकडून, कशी घ्यायची?

इथे मला या विषयातली सगळ्यात आवडलेली युक्ती येते. २००२मध्ये व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी ओएसडीआय या परिषदेत एक पेपर मांडला. त्यांची अडचण अशी होती की मालकाला बाहेरून कळत नाही, गेस्टच्या कुठल्या तुकड्यात महत्त्वाचं काही आहे आणि कुठला नुसताच अडकून पडलाय. चुकीचा तुकडा ओढून काढला तर गेस्ट कोलमडणार. मग त्यांनी गेस्टच्या आत स्वतःचा एक माणूस बसवला. छोटासा ड्रायव्हर, नाव बलून. म्हणजे फुगा. मालकाला रॅम हवी असली की तो या फुग्याला सांगतो, फुग. फुगा गेस्टकडे रॅम मागतो. गेस्टला वाटतं, आपलाच एक प्रोग्रॅम मागतोय, देऊ या. जागा कमी पडली तर आपल्याकडचं बिनकामाचं काय ते गेस्ट स्वतःच ठरवतो आणि रिकामं करतो. फुगा त्या जागेवर काहीही ठेवत नाही. तो मालकाला फक्त हळूच सांगतो, एवढ्या सीट धरल्यात, घेऊन टाका.

एसटीत रुमाल टाकून सीट धरणारा बघितलाय ना? रुमालाला बसायचं नसतं. बाकीच्यांनी बसू नये म्हणून तो असतो, आणि खरा बसणारा बाहेरून येतो. बलून म्हणजे तो रुमाल. रॅमची चणचण संपली की रुमाल उचलला, गेस्टला जागा परत.

त्याच पेपरमध्ये आणखी एक कल्पना आहे, तिचं नाव ऐकून आपल्या नगरसेवकांना उचकी लागेल. आयडल मेमरी टॅक्स. नुसती अडवून ठेवलेली, न वापरलेली रॅम महाग धरायची, आणि टंचाई आली की वसुली आधी तिथून. मूळ दर ७५ टक्के, म्हणजे रिकाम्या रॅमपैकी जास्तीत जास्त एवढा हिस्सा परत घेता येईल. कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटवरचा कर, थोडक्यात.

तिसरी युक्ती मात्र अंगाशी आली. दहा भाडेकरूंकडे तेच विंडोज असेल, तर रॅममधले बरेच तुकडे अक्षर न् अक्षर सारखे निघतात. मग दहा प्रती कशाला? एकच ठेवा, सगळ्यांना तीच दाखवा, कुणी त्यात बदल करायला गेला तर त्यालाच वेगळी प्रत काढून द्या. लिनक्समध्येही हे २००९च्या शेवटी आलं. दिसायला किती शहाणपणाचं! पण त्या 'वेगळी प्रत काढून द्या' मध्ये किंचित वेळ जातो. आत बसलेला एखादा चलाख माणूस तो वेळ मोजतो आणि त्याला कळतं, अरे, म्हणजे हाच मजकूर शेजारच्या खोलीतही आहे. संशोधकांनी या वाटेने शेजाऱ्याच्या गुप्त किल्लीपर्यंत पोचता येतं हे दाखवलं, आणि २०१४मध्ये व्हीएमवेअरने वेगवेगळ्या मशीनमधली ही वाटणी आपणहून बंद ठेवायचं ठरवलं. जागा वाचवायला भिंत पातळ केली की आवाज पलीकडे जातोच.

तुमच्या लॅपटॉपवर यातलं फारसं काही आपोआप होत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये बलून आहे, पण तो कमांड लिहून हाताने फुगवावा लागतो. विंडोजच्या हायपर-व्हीमध्ये सुरुवातीची, किमान आणि कमाल अशी तीन आकड्यांची सोय आहे. आणि तुम्ही विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल २ वापरत असाल तर तेही आतून एक व्हर्च्युअल मशीनच आहे. काही सांगितलं नाही तर ते तुमच्या एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतं. ती मर्यादा डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाच्या छोट्या फाइलमध्ये एका ओळीने कमी करता येते.

वाय-फाय गेलं कुठे?

रॅमनंतरचा दुसरा हमखास प्रश्न. एथिकल हॅकिंगच्या हौसेने काली लिनक्स टाकलं, आणि आत वाय-फायच दिसत नाही. इंटरनेट मात्र चालू! हे कसं?

तुमचं वाय-फाय कार्ड होस्टच्या ताब्यात आहे. गेस्टला मालकाने एक तोतया कार्ड दाखवलंय, वायरने जोडलेलं. व्हर्च्युअलबॉक्सच्या लिनक्स मशीनमध्ये एलएसपीसीआय ही कमांड चालवून बघा, इंटेलचं जुनं प्रो/१००० कार्ड दिसेल. तसं कार्ड तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठेही नाही. त्याच यादीत ४४०एफएक्स नावाचा चिपसेटही भेटेल. तो मूळ १९९६चा आहे, तुमच्या जन्माच्या आधीचा. इतकं जुनं सोंग का? कारण त्यासाठीचे ड्रायव्हर जवळपास प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून असतात. गावात बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेशात. लोकांना ओळखीचा वाटेल असाच वेश तो घ्यायचा. हायपरवायझरचा बहुरूपी तसाच.

पण सोंग वठवायला कष्ट पडतात. गेस्टने त्या तोतया कार्डाला हात लावला की प्रोसेसर गेस्टला थांबवतो, बाहेर हायपरवायझरकडे येतो, खरं काम तिथे होतं, मग पुन्हा आत. हे सेकंदाला हजारो वेळा. म्हणून दुसरी पद्धत आली, सोंगच सोडून द्यायचं. गेस्टला सरळ सांगायचं की बाबा, तू व्हर्च्युअल आहेस, तर आपण दोघं थेट बोलू. लिनक्सच्या जगात या बोलीचं नाव व्हर्टआयओ. गेस्ट एका सामायिक कप्प्यात कामांची चळत ठेवतो आणि एकदाच बेल वाजवतो. प्रत्येक कामासाठी वेगळी फेरी नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्येही हा पर्याय असतो, आपण बघत नाही इतकंच.

तिसरी पद्धत म्हणजे खरं उपकरणच गेस्टच्या हातात देणं. कालीमध्ये खरं वाय-फाय हवं असेल तर यूएसबीचं वेगळं अ‍ॅडाप्टर घेऊन ते मशीनला जोडावं लागतं. त्या क्षणी ते विंडोजमधून गायब होतं, कारण एक उपकरण एका वेळी एकाचंच. पेन ड्राइव्हचंही तसंच. विंडोजमध्ये फाइल कॉपी होत असताना तो मशीनला जोडलात तर ती फाइल अर्धवट राहू शकते. आधी 'इजेक्ट', मग जोडणी. होस्ट लिनक्स असेल आणि यूएसबीची यादीच रिकामी दिसत असेल, तर तुमचं खातं 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात आहे का बघा. अर्ध्या लोकांची अडचण इथेच सुटते.

जिथे रुमाल चालत नाही

आता ग्राफिक्स कार्ड द्यायचं म्हटलं तर? डीप लर्निंगवाल्यांना हेच हवं असतं. इथे रॅम आणि उपकरण या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालतात.

मोठी उपकरणं रॅममध्ये लिहायला प्रत्येक वेळी प्रोसेसरला विचारत नाहीत. त्यांना पत्ता दिला की ती थेट जाऊन लिहितात. पण गेस्टने दिलेला पत्ता तर खोटा, चाळीतला 'खोली नंबर १'. उपकरण तो खरा समजून लिहायला गेलं तर होस्टच्या किंवा दुसऱ्या भाडेकरूच्या रॅममध्ये जाऊन लिहिणार! म्हणून मदरबोर्डवर उपकरणांसाठी वेगळा पोस्टमन लागतो, आयओएमएमयू नावाचा. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय. उपकरणाने सांगितलेला पत्ता तो खऱ्या पत्त्यात बदलतो आणि भलत्या दारावर जाऊ देत नाही. हा नसेल तर खरं कार्ड गेस्टला देणं म्हणजे वाड्याच्या सगळ्या किल्ल्या देणं.

पुढची मेख अशी. प्रोग्रॅमला हवा तो तुकडा रॅममध्ये नसला तर प्रोसेसर थांबतो, तो तुकडा आणला जातो, काम पुढे जातं. बहुतेक उपकरणांना असं थांबता येत नाही. त्यांना दिलेल्या पत्त्यावर जागा त्या क्षणी हजर असलीच पाहिजे. आणि गेस्ट कुठला तुकडा उपकरणाला देईल, हे मालकाला आधी ठाऊक नसतं. म्हणून नेहमीचा उपाय म्हणजे गेस्टची सगळीच्या सगळी रॅम सुरुवातीपासून खिळे ठोकून पक्की करणं. ती हलवायची नाही, डिस्कवर टाकायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. व्हीएमवेअरचा सर्व्हर तर अशा मशीनची पूर्ण रॅम राखीव केल्याशिवाय ते चालूच करत नाही. झालं, पंगतीचा हिशेब संपला. १६ जीबी दिली म्हणजे १६ गेली. कार्ड दिलेल्या भाडेकरूकडे रुमाल चालत नाही.

(एक आतली गोष्ट. एनव्हिडियाचे साधे जीफोर्स कार्डाचे ड्रायव्हर कित्येक वर्षं व्हर्च्युअल मशीन ओळखलं की चालायचेच नाहीत, 'कोड ४३' दाखवायचे. २०२१मध्ये कंपनीने ही आडकाठी काढली. तोवर हौशी मंडळी गेस्टला आपण व्हर्च्युअल आहोत हेच कळू नये म्हणून काय काय उचापती करायची!)

फ्लॉपीने दार उघडलं

'व्हीएममध्ये उघड ना, काय होतंय!' क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, कुठून तरी आलेली फाइल, सगळ्याला हॉस्टेलवर हा सल्ला मिळतो. भिंत खरोखर मजबूत असते. पण दारं किती ठेवलीत ते बघा.

मे २०१५मध्ये क्राउडस्ट्राइक कंपनीच्या जेसन गेफनर यांनी शोधलेली एक चूक जाहीर झाली, तिचं नाव व्हेनम. चूक होती क्यूईएमयू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, फ्लॉपी डिस्कचं सोंग घेणाऱ्या कोडमध्ये. फ्लॉपी! जी आपल्यातल्या बहुतेकांनी फक्त 'सेव्ह'च्या चिन्हात बघितलीय. ते कोड झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्सही वापरत होते. गेस्टमधल्या माणसाला त्यातून बाहेर पडून होस्टवर हात मारता येऊ शकला असता. चूक २००४पासून तशीच पडून होती. आणि वाईट म्हणजे झेन आणि क्यूईएमयूमध्ये फ्लॉपी बंद करून ठेवली तरी ते कोड आत जागंच राहायचं. कुणी न वापरणारं मागचं दार, अकरा वर्षं कडी न लावलेलं.

अशा धड्यांचा परिणाम पुढच्या डिझाइनमध्ये दिसतो. अ‍ॅमेझॉनने २०१८मध्ये फायरक्रॅकर नावाचं छोटं सॉफ्टवेअर खुलं केलं. त्यात सोंगांची यादी बोटांवर मोजता येते: नेटवर्क, डिस्क, होस्टशी बोलायची एक नळी, एक सीरियल कन्सोल, आणि मशीन बंद करण्यापुरता कीबोर्ड कंट्रोलर. फ्लॉपी नाही, यूएसबी नाही, ग्राफिक्स नाही. त्यामुळे एका मशीनमागे त्याचा स्वतःचा रॅमचा खर्च ५ एमबीच्या आत राहतो आणि मशीन १२५ मिलिसेकंदांत उभं राहतं.

आपल्या पातळीवरची दारं साधी आहेत. शेअर्ड फोल्डर, शेअर्ड क्लिपबोर्ड, ड्रॅग अँड ड्रॉप. सोयीसाठी तुम्ही अख्खं 'डॉक्युमेंट्स' फोल्डर गेस्टला लिहिण्याच्या परवानगीसह जोडलं असेल, तर आत शिरलेल्या रॅन्समवेअरला भिंत फोडायची गरजच नाही. तुमचे प्रोजेक्ट, मार्कशीटच्या पीडीएफ, फोटो, सगळं ते समोरच्या दारातून जाऊन कुलूपबंद करेल. शेअर करायचंच तर रिकामं वेगळं फोल्डर करा आणि शक्य तिथे 'रीड ओन्ली'वर टिक करा. संशयास्पद काही उघडायचं असेल तेव्हा नेटवर्क आणि क्लिपबोर्डही बंद.

मग पट्टी कुठे ठेवायची?

८ जीबीच्या लॅपटॉपवर २ जीबी, फार तर ३. उबंटूचं नेहमीचं डेस्कटॉप ४ जीबी मागतं, म्हणून ते टाळा आणि झुबंटू किंवा लुबंटूसारखं हलकं घ्या. डीबीएमएस किंवा नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला डेस्कटॉपची गरजच नसते. उबंटू सर्व्हर १ जीबीवर आरामात चालतं आणि विंडोजच्या टर्मिनलमधून एसएसएचने आत जाता येतं. दोन मशीन एकदम चालवायला सांगितली असतील तर दुसरा मार्ग नाहीच. मशीन सुरू करण्याआधी क्रोम बंद करा, ही सूचना ऐकायला बालिश आहे, पण १ जीबी फुकट मिळते. रात्री काम अर्धवट सोडायचं असेल तर 'सेव्ह स्टेट' वापरा. गेस्टची रॅम जशीच्या तशी डिस्कवर उतरवली जाते, म्हणून डिस्कवर तेवढी जागा शिल्लक ठेवा.

मशीन सुरूच होत नसेल आणि व्हीटी-एक्सबद्दल तक्रार येत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे 'व्हर्च्युअलायझेशन'समोर काय लिहिलंय ते वाचा. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागेल.

आणि मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे एक हिरवं कासव दिसलं तर? अनेक नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर विंडोज स्वतःच हायपर-व्हीच्या वर बसलेलं असतं, 'मेमरी इंटिग्रिटी' नावाच्या सुरक्षेसाठी. म्हणजे तुमचं विंडोजही एका अर्थी भाडेकरूच, आणि व्हर्च्युअलबॉक्स हा पोटभाडेकरू. कासव त्या संथपणाची खूण आहे. यूट्यूबवरचा दादा ही सुरक्षा बंद करायला सांगेल, मग कासव जाऊन चिपचं चिन्ह येतं आणि मशीन पळतं. पण 'मेमरी इंटिग्रिटी' खोट्या ड्रायव्हरना विंडोजच्या गाभ्यात शिरू देत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं लॉगिनही असतं. आठवड्यातून दोन प्रॅक्टिकलसाठी मी तरी कासव राहू देईन.